शहाण्णव पानांनंतर

कुणाला पटो न पटो, ती पुडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

माझा मावसभाऊ निबारणदा कोलकात्यात, कॉलेज स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत पुस्तकं बांधायचा. अक्षरं शिकला तीही पन्नाशीत, छापील कागदांच्या घड्या घालता घालता.

त्या वर्षी अनादी मास्तर रोज दुपारी तीनला त्याच्याकडे यायचे. खुलन्याच्या नावाड्यांची गाणी त्यांनी चाळीस वर्षं हिंडून जमवली होती. पुस्तक छापून झालं होतं. बांधायचं तेवढं राहिलं होतं.

मास्तरांना कॅन्सर होता. एक प्रत हातात घेऊन मरायचं, एवढीच इच्छा.

“निबारण, झालं का?”

“खळ वाळतेय, मास्तर.”

“खळ आहे की गंगेचा गाळ, बाबा?”

खळ कसली! प्रकाशक बिभास नंदीनं सगळे कागद कधीच रद्दीत घातले होते.

“नावाड्यांची गाणी कोण घेतंय? झुलवत ठेव म्हाताऱ्याला. दुर्गापूजेपर्यंत टिकत नाही तो.”

निबारणदाही हसला होता.

भाद्रपदात मास्तर गेले. रिकाम्या हातांनी.

आठ दिवसांनी निबारणदानं कुरमुऱ्यांची पुडी सोडली, तर...

पान एक.

गाणं. खाली गाणाऱ्या नावाड्याचं नाव, ऐकल्याची तारीख.

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच दुकानातून... पान तीन.

मग पाच. मग सात. रोज. ओळीनं.

शेवटी पंच्याण्णव, पाठीमागे शहाण्णव. पुस्तक संपलं. निबारणदानं सुटकेचा श्वास सोडला.

पुढच्या दिवशी... पान सत्त्याण्णव.

असं पान छापलंच नव्हतं.

नवं गाणं. खाली नाव, बिभास नंदी. तारीख उद्याची.

निबारणदा धावत बिभासच्या पुस्तकांच्या दुकानात गेला. बिभास खो खो हसला.

“मी आणि गाणं? अरे, माझ्या आवाजाला कावळे भितात!”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता... तो गाऊ लागला.

तेच गाणं.

थांबेना. बायकोनं तोंड दाबलं. डॉक्टरांनी सुई दिली. झोपेतही गात होता. तिसऱ्या दिवशी घशातून रक्त आलं. रक्तातूनही सूर निघत होता.

चौथ्या दिवशी गाणं थांबलं. बिभासही.

त्याच संध्याकाळी पुढची पुडी आली. निबारणदानं ती सोडलीच नाही. कुरमुऱ्यांसकट पेटीत ठेवली. मला दाखवली तेव्हा कोपऱ्यात फक्त आकडा दिसत होता. नव्याण्णव.

परवा दुपारी मी गेलो, तर तो खाली मान घालून पुठ्ठे कापत होता. गुणगुणत होता.

“निबारणदा, हे कुठलं गाणं?”

त्यानं वर पाहिलं.

“कोण गातंय रे?”

मी चहाला थांबलो नाही.