मुठीतली ओल

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत भोंगा झाला की आधी हातात स्मरणमोजे चढवायचे, मगच वाळूला हात लावायचा. साच्याची वाळू मुठीत दाबली की मोजा बोटाला चिमटा काढी. एक चिमटा म्हणजे ओल बरोबर, दोन म्हणजे कमी. मोज्याला हे ज्ञान मिळालं होतं आनंदा चौगुल्याच्या हातातून. नऊ वर्षांपूर्वी त्याने कोरा मोजा वर्षभर हातात घालून त्याला हे शिकवलं आणि त्या बदल्यात आनंदा कायम झाला.

बाकी सगळे हंगामी. सात महिने भरले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. मोजा उतरला की कसबही उतरायचं, म्हणून आनंदा निर्धास्त होता. ही माणसं येतात-जातात म्हणून आपण टिकून आहोत, असं तो बायकोला सांगे आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे.

"काका, एकदा मोजा काढून शिकवा की," रेश्मा आवळे ही हंगामी पोरगी एकदा म्हणाली. "जाताना हातात कायतरी राहू दे."

"आन् मी काय करू मग? माशा मारत बसू?" त्याने तिला उडवून लावलं.

गुरुवारी मोज्यांना स्मृती पुरवणारं यंत्र बंद पडलं. भट्टीत लोखंड तयार. मॅनेजर पाटणकर साहेब धावत आले. "आनंदा, नुसत्या हाताने ओल सांग."

आनंदाने मूठ दाबली. पुन्हा दाबली. काहीच कळेना. नऊ वर्षं चिमट्याच्या भरवशावर राहिलेला हात सगळं विसरला होता.

"ओल कमी हाय," मागून रेश्मा म्हणाली. रोज जेवणाच्या सुट्टीत मोजा काढून, टाकाऊ वाळूवर तिने एकटीनेच हात बसवला होता. पाणी मारलं, साचे टिकले, ओतकाम पार पडलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कोरा मोजा आणला. "रेश्मा, तुझा ब्रेक रद्द. वर्षभर हा घाल, तुला कायम करतो. आनंदा, तू उद्या ऑफिसात येऊन जा. कायमची जागा एकच आहे."

साहेब गेले. रेश्माने मोजा उलटसुलट करून पाहिला. "काका, तुमालाबी असंच म्हणालं हुतं काय? घालू का?"

नको घालू पोरी, हातचं कसब जाईल तुझं. हे अगदी ओठांवर आलं होतं, आणि खरंही होतं. पण स्वतःची जागा राखायला तिला एकदा उडवून लावणाऱ्या माणसाचं खरं, आज ती कशाला खरं मानेल?