दरवाज्याजवळचा पट्टा

सीटवरून माणूस ओळखण्यात जुन्या जालन्यात इंद्रभानचा हात कोणी धरू शकत नव्हतं. वीस वर्षं तो गाड्यांचं कुशन आणि रेक्झिनचं काम करत आला होता. कोणता शेठ बसल्या बसल्या गादी कुरतडतो, कोणाची बायको रुसून खिडकीकडे सरकते, हे तो गाडीचं दार उघडताच सांगायचा, आणि सांगताना हसायचाही.

राजानंद मास्तरांची गाडी सरळ होती. जुनी कॅम्पर व्हॅन. आत दोन बाक, छोटा ओटा, छताला धरायचे सहा पट्टे. "पार फाटलेत. सहाही नवे टाका," एवढं सांगून मास्तर सकाळीच बाजारात गेले.

पाच पट्टे नुसते उन्हानं चिरलेले. सहावा, दरवाज्याजवळचा, धरून धरून गुळगुळीत झालेला. त्यात चार बोटांचे चार खळगे. लहान हात, डावा. म्हातारं माणूस, इंद्रभाननं मनाशी ताडलं. भित्रं, रस्ताभर न सोडणारं.

बोल्ट गंजले होते, आतली नायलॉनची पट्टी मात्र शाबूत होती. मग त्यानं नेहमीचंच केलं. पट्टे न काढता वरूनच काळ्या रेक्झिनची खोळ चढवली आणि शिवून टाकली. त्याच्या दुकानात ह्यालाही 'नवं'च म्हणत.

दुपारी पाहिलं, तर दरवाज्याजवळच्या नव्या खोळीवर चार खळगे. भरण कमी पडलं असेल म्हणून त्यानं टाके उसवले, जाड स्पंज भरला, पुन्हा शिवलं आणि चहा पिऊन आला. खळगे होतेच. रेक्झिन हाताला कोमट लागलं; गाडी तर सकाळपासून लिंबाच्या सावलीत होती. त्यानं खांदा लावून गाडी हलवली. पाच पट्टे झुलले. सहावा कोणी खाली ओढून धरल्यासारखा ताठ राहिला.

"घट्ट बसलाय," तो मोठ्यांदा म्हणाला. ऐकायला कोणी नव्हतं.

चारच्या सुमारास मास्तर बायकोला, बेबीनंदाबाईंना, घेऊन आले. पट्टे पाहून बाई खूश झाल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, दरवाज्याजवळचा जुना पट्टा तेवढा द्या. माझी आई तिथंच बसायची. दिवाळीच्या आधी गेली. घरी जपून ठेवीन म्हणते."

जुना पट्टा खोळीच्या आतच आहे, हे तेवढ्यात सांगता आलं असतं. पण मास्तर शेजारच्या दुकानदाराला म्हणत होते, "काम पाहा! बिलकुल इमानदारीचं." इंद्रभान मागं गेला, भंगारातून कुठल्याशा जीपचा पट्टा उचलला, झटकला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी त्यात बोटं घातली. "आईच्या बोटांचे खळगे इथं लागत न्हाईत वो."

"तुझा हात मोठा हाय," मास्तर म्हणाले.

"असंन." बाईंनी पट्टा कपाळाला लावला. भंगारातल्या ग्रीसची काळी रेघ कपाळावर उमटली.

मास्तर पुन्हा दुकानदाराकडे वळले होते; ती रेघ फक्त इंद्रभानला दिसली. काहीतरी करायचं म्हणून तो गाडीत चढला, बोल्ट तपासल्यासारखं केलं, आणि उतरताना सवयीनं दरवाज्याजवळचा पट्टा धरला.

बोटं खळग्यांत बसली.

वरून दुसरी बोटं मिटली. बारीक, कोमट.

त्यानं हात ओढला. निघेना.

"उतरा ना भाऊ," बाई म्हणाल्या.

"ताई... तो पट्टा तुमच्या आईचा न्हाई. जुने पट्टे इथंच हायेत, आत. मी नुसती खोळ चढवली. खोटं बोल्लो."

हात सुटला.

शेजारचा दुकानदार फिसकन हसला. इंद्रभाननं खोळ उसवली, गंजलेले बोल्ट कापले, पट्टा खाली उभ्या असलेल्या बाईंना दिला आणि कशालाही न धरता उतरला. कोणाच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून तो गाडीच्या चाकाकडे बघत राहिला.

बाईंनी बोटं घातली. "हां. बराबर."

मग पट्टा उघड्या दाराकडे उंच धरून त्या हळूच म्हणाल्या, "चल आई, आता पुढं बस, माझ्याजवळ. ह्ये धर. पायरी हाय, हळू."

चौघंही रस्त्यावर उभे होते. गाडीत कोणी नव्हतं.

पायरी दबली. स्प्रिंग कुरकुरली, आणि गाडी एवढीशी वर उचलली, माणूस उतरल्यावर उचलते तशी.