कंदीलवेलाला शेंग का धरत नाही?

नव्या कासारमाळावर बत्तीस घरे होती आणि प्रत्येक घराच्या दारात कंदीलवेल होता. श्रावण लागला की वेलावर बोटाएवढी फुले येत. खाली फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्यांची जुळलेली टोपी. टांगलेला कंदीलच जणू. चौदा वर्षे ही फुले येत होती आणि चौदा वर्षांत एकाही वेलाला शेंग धरली नव्हती.

इतकी वर्षे या कोड्याचा कोणाला त्रास झाला नाही. शेंग नाही तर नाही, फुले तर होती. यंदा मात्र वेल मरू लागले.

अकरा वर्षांची नमू रोज सकाळी घरोघर फिरून वेल पाहून येई. तिच्या खांद्यावर चिलट बसलेला असे. चिलट म्हणजे मोहरीएवढा उडणारा यंत्रमानव. कंदीलवेलाच्या फुलात शिरून पराग नेणाऱ्या बारीक माश्या जुन्या माळाबरोबरच संपल्या होत्या. ते काम आता चिलट करी. एका फुलातून पराग उचलायचे आणि दुसऱ्या घरच्या फुलात नेऊन ठेवायचे.

"सतरा गेले," चिलट म्हणाला. "आज यादवांचा आणि ताटेबाईंचा."

नमूने ताटेबाईंच्या दारात माती उकरली. कंद हाताला लागला तो सडक्या बटाट्यासारखा मऊ. वास असा की तिने तोंड फिरवले. कूज लागली होती.

ती तडक शेलार आबांकडे गेली. आबा म्हणजे वस्तीतले म्हातारे वनस्पतिशास्त्रज्ञ. खाणीसाठी जुना कासारमाळ फोडायला घेतला, तेव्हा सारे गाव इथे हलले. माळावरचा कातळ, कातळावरची माती, मातीतली फुले, सगळे गेले. आबांनी तेवढा कंदीलवेल वाचवून आणला. तेव्हापासून वस्तीत एक रीतच पडली होती. कोणाकडे बाळ आले, कोणी नवे घर बांधले, की आबा करवंटीत माती भरत आणि आपल्या वेलाचा एक तुकडा त्यात खोचून देत. याला 'कंदील देणे' म्हणत. प्रत्येक दारातला वेल असा आबांच्या हातून आलेला होता.

"आबा, सतरा," नमू म्हणाली.

आबांनी मान हलवली. त्यांच्या स्वतःच्या वेलाची खालची पानेही पिवळी पडली होती.

"औषध नाही का काही?"

"दोन मारून पाहिली. नाही ऐकत ही बुरशी." त्यांनी एक पिवळे पान खुडले. "कंद काही दरवर्षी नवे लावावे लागत नाहीत, नमे. हा वेल बहुवार्षिक आहे (एकदा लागला की वर्षानुवर्षे जगणारा). उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, कंद जमिनीत झोपतो, पाऊस आला की पुन्हा फुटतो. मला वाटलं होतं, मी गेलो तरी हे राहतील."

"पण सगळेच कसे मरतायत? मागे आमच्या वर्गात साथ आली, तेव्हा निम्मी मुलं तर धडधाकट होती."

आबांनी मान वर केली. या प्रश्नाने ते एकदम सावध झाले. "चिलट, उरलेल्या पंधरा वेलांचं एकेक पान तपास. जनुकं वाच."

जनुके म्हणजे काय, ते नमूला शाळेत शिकवले होते (सजीवाच्या प्रत्येक पेशीत असलेल्या, तो कसा घडावा हे सांगणाऱ्या सूचना). दुपारपर्यंत चिलट वस्तीभर फिरला. आबांच्या संगणकाच्या पडद्यावर एकीखाली एक पंधरा पट्ट्या उमटल्या. प्रत्येकीवर बारीक उभ्या रेघा. पहिलीतल्या रेघा जिथे, तिथेच दुसरीतल्या. तिथेच पंधरावीतल्या.

"चिलट्या, तू एकच पान पंधरा वेळा वाचलंस!" नमू म्हणाली.

"मी आळशी आहे, पण एवढा नाही," चिलट म्हणाला.

आबा पडद्याकडे पाहतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. चुकलो मी. नमे, वेलाचा तुकडा तोडून लावला तर जे उगवतं, ते वेलाचं मूल नसतं. तो तोच वेल असतो. त्याला क्लोन म्हणतात (मूळ सजीवाची तंतोतंत नक्कल)."

"म्हणजे वस्तीत बत्तीस वेल नव्हतेच?"

"नाही. एकच होता. बत्तीस जागी."

"मग शेंग?"

"सांगतो. बी धरायला एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर जावे लागतात. पण काही झाडं आपलेच पराग ओळखतात आणि बी धरू देत नाहीत. याला स्व-विसंगती म्हणतात (स्वतःच्याच परागांपासून बी न धरणे). आपला कंदीलवेल त्यातलाच असणार. चिलट यादवांकडचे पराग ताटेबाईंकडे नेत होता, पण वेलाच्या लेखी ते त्याचेच पराग होते."

"चौदा वर्षं उगाच उडलो मी?" चिलटने विचारले.

"पण झाड असं का करतं? वेडंच म्हणायचं," नमू म्हणाली.

"वेडं नाही. बी म्हणजे दोन वेगळ्या वेलांच्या सूचनांची सरमिसळ. दरेक बीत ती निराळी होते. कोणाला कूज सोसते, कोणाला दुष्काळ. एक मेला तर दुसरा उरतो."

नमूने विचार केला. "सगळ्या वर्गाने एकाच मुलाची वही उतरवली, तर बाईंनी त्याची एक चूक धरली की सगळेच नापास. तसं?"

"अगदी तसं."

"आबा, तुम्ही एकच कंद आणला होता माळावरून?"

"सात आणले होते. सहांची फुलं बारकी, फिकट, कशीबशी चार यायची. एकाचं फूल टपोरं. लोकांचं सगळं गेलं होतं. म्हटलं, निदान चांगलं तेच देऊ. त्या एकाचेच तुकडे वाटले. काहींनी आपापले कंदही आणले होते, त्यांना म्हटलं उपटून टाका, जागा अडवतायत. माझे बाकीचे सहाही मीच उपटले."

शहरातल्या बीजपेढीत विचारून उपयोग नव्हता. माळ फुटण्याआधी कोणी बी जमवले नव्हते आणि पुढे बी धरलेच नाही, मग ते पेढीत कुठून असणार? कोणीतरी आपला वेल उपटला नसेल, या आशेने नमूने मग घरांच्या पुढची अंगणे सोडून मागची परसे धुंडाळायला घेतली. मोऱ्या, उकिरडे, फुटकी पिंपे. दोन दिवसांत काही मिळाले नाही. तेवढ्यात आणखी नऊ वेल गेले.

तिसऱ्या दिवशी सगुणाआत्यांच्या न्हाणीमागे, तेलाच्या गंजक्या डब्यात, तिला एक किडकिडीत वेल दिसला. त्यावर दोनच फुले होती, हिरवट आणि तिच्या करंगळीच्या नखाएवढी. चिलटने पान तपासले. "रेघा वेगळ्या आहेत," तो म्हणाला. "खूप वेगळ्या."

"हात लावू नकोस!" सगुणाआत्या दारातून ओरडल्या. "पाठवलं कोणी तुला? शेलारांनी? सांग जाऊन त्यांना, तुम्ही ज्याला मरतुकडं म्हणालात, ते अजून उभं आहे. आमच्या ह्यांनी कातळाच्या भेगेतून नखांनी उकरून काढलं होतं ते. उपटा म्हणे!"

नमू परत आली आणि तिने सगळे जसेच्या तसे सांगितले. आबा काठी घेऊन नमूबरोबर निघाले. सगुणाआत्यांचे घर वस्तीच्या दुसऱ्या टोकाला होते. वाटेत ते तीनदा थांबले.

"सगुणावहिनी," दारात उभे राहून आबा म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. तुमच्या वेलाच्या फुलात माझ्या वेलाचे पराग ठेवू द्या. माझा काही वाचत नाही आता."

आत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "कंदील देऊन गेलात, त्यानंतर चौदा वर्षं या दारात आला नाहीत."

"नाही आलो."

"बसा. चहा ठेवते," आत्या म्हणाल्या, आणि चिलटकडे बोट करून, "त्या डासाला सांग, पाकळी फाटली तर चपलेने मारीन."

चिलटने आबांच्या वेलावरच्या शेवटच्या फुलातून पराग उचलले आणि डब्यातल्या दोन्ही फुलांत नेऊन ठेवले. तिसऱ्या दिवशी डब्यातले एक फूल गळून पडले. त्याच आठवड्यात आबांचा वेल गेला. आबांनी कंद स्वतःच उकरला, पाहिला आणि जाळून टाकला. दिवाळीपर्यंत वस्तीत एकही टपोरा कंदील उरला नाही. संध्याकाळी लोक दारात बसत तेव्हा रिकाम्या काठ्यांकडे पाहणे टाळत.

मात्र डब्यातल्या दुसऱ्या फुलाच्या जागी दोन हिरवी शिंगे फुटली होती. ती वीतभर लांब झाली. शिंग म्हणजेच शेंग. उकलून बिया वाऱ्यावर उडून जाऊ नयेत म्हणून आत्यांनी ती दोऱ्याने बांधली. मार्गशीर्षात दोरा सोडला तेव्हा आत रेशमी केसांच्या सव्वीस उडत्या बिया होत्या, म्हाताऱ्याच जणू.

पुढच्या आषाढात एकोणीस उगवल्या. आठांना कूज लागली. मेलेले प्रत्येक रोप नमूने स्वतः उचलून टाकले. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता सगळीच जाणार. पण अकरा राहिली. कोणाची पाने रुंद, कोणाची काडीसारखी, एकाचे खोड जांभळे.

आबांची नजर आता अधू झाली होती. त्यांनी रोपांवरून बोटे फिरवली. बोटे सर्वांत जोमदार रोपापाशी थांबली आणि मग त्यांनी हात मागे घेतला.

"सगळी वाट," ते म्हणाले. "निवडू नकोस. आणि सांग सगळ्यांना, यापुढे तुकडा द्यायचा नाही. शेंग धरली की बी द्यायचं."

पहिली करवंटी ताटेबाईंकडे गेली. त्यांनी आतल्या कोंबाकडे संशयाने पाहिले.

"याला कसलं फूल येणार गं?"

"माहीत नाही," नमू म्हणाली. "अजून कोणीच पाहिलेलं नाही."