खंडेनवमीचं कुंकू

आमच्या डोंबिवली एमआयडीसीतल्या कंपनीत चहाच्या टेबलावर मावतील एवढे रोबोटचे हात बनतात. त्यांची अचूकता तपासणं हे माझं काम. केसाएवढा फरकही मी पास करत नाही, म्हणून लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा खंडेनवमीच्या पूजेनंतर बायकांना रोबोटने कुंकू लावायचं, ही टूम विनीतने काढली. विनीत आमचा प्रॉडक्शन मॅनेजर. खरं कारण होतं संचिता. कोपरीची मुलगी, दोन महिन्यांपूर्वी त्याच्याशी लग्न झालं आणि ती आमच्याच खात्यात लागली. त्याची पहिली बायको क्षिप्रा पूजा झाली त्याच खोलीत माझ्याशेजारी बसायची. तीन वर्षांपूर्वी वारली. बायका संचिताशी कामापुरतंच बोलत. सगळ्यांबरोबर तिलाही कुंकू लागलं की ती आमच्यातली होईल, असं विनीतला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

कॅमेरा कपाळ शोधतो, हात पुढे येतो, कापसाचा बोळा टेकवतो. मध्येच कशाला धक्का लागला तर जागीच थांबतो. अकरा जणींना सुरेख कुंकू लागलं. सफाईवाल्या हौसाबाई तर हौसेने दोनदा बसल्या.

मग संचिता बसली. हात तिच्या कपाळाच्या वीतभर अलीकडे थांबला. स्क्रीनवर आलं : अडथळा.

मी परत चालवला. तिथेच थांबला. दुसरा हात आणून लावला. तोही तिथेच.

"सेन्सर गेला असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी पास केलेला सेन्सर असा जात नाही," मी म्हटलं आणि आकडे पाहिले. दोन्ही हातांना समोरून दाब आलेला, अगदी सारखा.

"राहू दे, उत्तरा," विनीत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

संचिताचे डोळे भरून आले. "माझ्याच वेळी का, ताई?"

"अगं, मशीनचं काय मनावर घेतेस," हौसाबाई म्हणाल्या. "बाई, तुम्ही हातानं लावा तिला."

मला तिची दया आली आणि मशीनचा राग. मी कुंकवात बोट बुडवलं. संचिताने डोळे मिटले.

वीतभर अलीकडे माझं बोट टेकलं.

मध्ये काहीच दिसत नव्हतं. बोटाला कातडी लागत होती, तिच्याखाली हाड. कोमट.

मी घाबरले. हात मागे घेतला.

"लावलंत का, ताई?" संचिताने डोळे न उघडताच विचारलं.

"हो," मी म्हटलं. तिचं कपाळ कोरं होतं, आणि माझ्या बोटावरचं कुंकू गेलं होतं.