हिरव्या आगबोटीचे झटके

"गेला! आगबोटीच्या पोटात गेला बॉल!" अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून अनंत ओरडला. "फटका तू मारलास, आता तूच आण!"

उत्तरा पळतच निघाली. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत आगबोट एकच होती. वकीलकाकांची हिरवी, लांबलचक, वीस वर्षांची परदेशी मोटार! तिला क्लचच नव्हता. स्टिअरिंगजवळची दांडी 'डी'वर आणली की पुढचे गिअर गाडी आपली आपण बदलायची. काकांना ती चालवता यायची नाही. चालवायचे गुणाजीकाका. गिरणीच्या मोठ्या साहेबांची अशीच गाडी त्यांनी बारा वर्षं चालवली होती. तीन वर्षांपूर्वी संपात गिरणी सुटली आणि ते इथे आले. त्यांची जानकी उत्तराच्याच वर्गात होती आणि सुट्टीत रोज गव्हाणपाड्याहून खेळायला यायची.

आत्ता बॉनेट उघडं होतं आणि गुणाजीकाका नळावर पाणी आणायला गेले होते. बॉल इंजिनाच्या मागे, पार खाली अडकला होता. उत्तरा बंपरवर चढली, खांद्यापर्यंत हात आत घातला, बॉल धरून जोरात ओढला. टप्! बॉलबरोबर एक बारीक रबरी पाइप सुटून लोंबायला लागला.

तो कुठून सुटला तेच तिला दिसेना. तेवढ्यात चपला वाजल्या. उत्तरानं पाइप घाईघाईनं मागे खुपसला आणि खाली उडी मारली.

"काय गो, गावलो बॉल?" गुणाजीकाकांनी हसत विचारलं.

"हो काका!"

त्यांनी पाणी ओतलं आणि धाडकन बॉनेट लावलं. सांगायला उत्तराकडे अर्धं मिनिट तरी होतं. ती खेळायला पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आगबोट फाटकातून आत आली ती गुरगुरतच. मागच्या सीटवरून वकीलकाका उतरले, लाल झालेले.

"गुणाजी, गाडी चालवताय की बैलगाडी? आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झालेत!"

रुक्मिणीआजी हळूहळू उतरल्या. एका डोळ्यावर पट्टी, आणि कपाळावर भलंमोठं टेंगूळ. डॉक्टरांना डोळा दाखवून परत येताना गाडीनं असा झटका दिला होता, की आजी पुढच्या सीटवर आपटल्या होत्या. परत जाऊन डोळा तपासून घेतला होता. डोळा वाचला होता.

"सायेब, गाडी गिअरच बदलत नव्हती," गुणाजीकाका म्हणाले. "इंजिन नुसता बोंबलता, आणि मगे एकदम धाडकन बदलता. आतून हिस्स असो आवाज पण येता. माका जरा बघूंक द्या."

"हात लावू नका! चावी द्या इकडे."

जिन्याच्या पायरीवर बसलेल्या उत्तराच्या हातातली कैरीची फोड तशीच राहिली. एवढीशी नळी! एवढी मोठी गाडी! त्यानं काय होणार? असं तिनं स्वतःला दहा वेळा बजावलं. आजींच्या टेंगळाकडे मात्र तिला बघवेना.

संध्याकाळी चंद्रप्रकाश आला. हमरस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि निकाल देऊन टाकला.

"वकीलसाब, गिअरबॉक्स गेला! आतल्या प्लेटा जळल्या. ड्रायव्हरनं वाट लावली गाडीची. पार्ट कुठे मिळणार आता? उद्या गॅरेजला नेतो, फुल चेकिंग करतो. पण माझं ऐका, भंगारवाल्याला देऊन टाका. माणूस आहे माझ्याकडे."

वकीलकाकांनी मान हलवली. "गुणाजी, उद्यापासून येऊ नका."

जानकीनं बाबांची पिशवी उचलली आणि दोघं फाटकाबाहेर पडली.

"चंद्रप्रकाशनं बॉनेटसुद्धा उघडलं नाही!" अनंत कुजबुजला. अनंत बारा वर्षांचा असला तरी सोसायटीतले सगळे तपास त्याच्याकडेच असायचे. "आणि म्हणे प्लेटा जळल्या! उद्या तरी उघडतो का बघू. माझ्याकडे आयडिया आहे!"

सकाळी गाडी न्यायच्या आधी अनंत, जानकी आणि उत्तरा गाडीपाशी जमली. पतंगाच्या हिरव्या कागदाची बोटभर पट्टी अनंतनं खळीनं चिकटवली, अर्धी बॉनेटवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. हिरव्यावर हिरवी! दिसतच नव्हती.

"बॉनेट उघडलं की फाटणार," तो म्हणाला. "झकास ना?"

"माझे बाबा गाडी खराब करतीलच कशी?" जानकी म्हणाली. "काल ते जेवलेच नाहीत. नुसते हात बघत बसले होते. त्यांची चूक नाहीच. हो ना गं, उत्तरा?"

"हो," उत्तरा म्हणाली.

दोन दिवस तिनं मनातल्या मनात एकच घोकलं. उघड रे बाबा चंद्रप्रकाश, बॉनेट उघड! त्याला पाइप दिसेल, तो लावेल, गुणाजीकाका कामावर येतील, आणि कुणाला काहीच सांगावं लागणार नाही. रात्री आईनं दोनदा विचारलं, "बरं नाही का गं तुला?" उत्तरानं पोट दुखतं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आगबोट गुरगुरत, धक्के खात परत आली. तिघंही धावली. अनंतनं वाकून पाहिलं आणि जागच्या जागी उडीच मारली.

"अख्खी आहे! पट्टी अख्खी आहे!"

जानकी टाळ्या पिटायला लागली. उत्तरा मात्र बंद बॉनेटकडे बघत राहिली. म्हणजे पाइप अजून तिथेच लोंबत होता.

चंद्रप्रकाश वकीलकाकांना सांगत होता, "पूर्ण चेक केला साब. खलास! भंगारवाला दुपारी येतो."

"चंद्रप्रकाशकाका," अनंतनं अगदी भोळा चेहरा करून विचारलं, "आतलं तेल कसं होतं हो?"

"काळंकुट्ट! जळका वास!"

"बघितलंत कसं?"

"कसं म्हणजे? बॉनेट उघडून, डिपस्टिक काढून!"

"नक्की बॉनेट उघडलंत?"

"अरे, दहा वेळा उघडलं!"

अनंत काकांकडे वळला. "काका, ही बघा पट्टी. गाडी गॅरेजला जायच्या आधी आम्ही चिकटवली होती. बॉनेट दहा वेळा उघडलं, मग ही एकदाही कशी फाटली नाही?"

वकीलकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. पट्टीवरून बोट फिरवलं. मग ते सावकाश उभे राहिले. त्यांचा कोर्टातला आवाज मुलांनी पहिल्यांदाच ऐकला.

"चंद्रप्रकाश, आता काय म्हणणं आहे तुमचं?"

चंद्रप्रकाशला गॅरेजवर गिऱ्हाईक थांबल्याची अचानक आठवण झाली. तो भराभर चालू लागला.

"जानकी, बाबांना बोलावून आण," काका म्हणाले.

अर्ध्या तासानं गुणाजीकाका आले. चावी घेऊन ते गाडीत बसले. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि गरम होऊ दिलं. पाय ब्रेकवर ठेवून दांडी सगळीकडून एकेकदा फिरवली, पुन्हा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, आणली.

"ह्या गाडयेचा तेल इंजिन चालू ठेवूनच बघूचा लागता," मुलांना सांगत त्यांनी पट्टी फाडून बॉनेट उघडलं. मागची तेल मोजायची लांब डिपस्टिक काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल लालभडक होतं, कुंकवासारखं!

"वास घेवा. जळको येता?"

"नाही!" अनंत म्हणाला.

"मापही बरोबर. प्लेटा जळल्या असत्या तर तेल काळा झाला असता. म्हणजे गिअरबॉक्स धडधाकट आसा." त्यांनी कान टवकारले. हिस्स... हिस्स... "हो आवाज खंयसून येता? हयसर एक बारीक पाइप असता. इंजिन किती जोर लावता, ता गिअरबॉक्साक त्या पाइपातून कळता. तो सुटलो, तर..."

"मागे बघा," उत्तराच्या तोंडून निघून गेलं. "डाव्या हाताला. खाली."

गुणाजीकाकांनी हात घातला. पाइप वर आला, टोक मोकळं. त्यांनी तो चाचपून एका नळकांड्यावर दाबून बसवला. हिस्स आवाज टपकन थांबला. इंजिन शांत चालू लागलं.

मग सगळेच गाडीत बसले. हमरस्त्यावर आगबोट पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. पुन्हा वेग वाढला, पुन्हा झटका नाही! अनंत खिडकीतून हात काढून ओरडत होता. जानकी बाबांच्या मानेकडे बघत हसत होती.

परत आल्यावर काकांनी उत्तराच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! अनंतनं पुरावा दिला, आणि हिनं नेमका पाइप दाखवला. काय नजर आहे पोरीची! आई, पेढे काढ!"

आजी पेढ्यांचा डबा घेऊन आल्या. कपाळावरचं टेंगूळ आता पिवळं-निळं झालं होतं. त्यांनी पहिला पेढा उत्तरासमोर धरला.

"मला नको," उत्तरा म्हणाली.

"अगं, घे ना!"

"मला नको! तो पाइप मीच काढला होता." तिनं गाडीकडे बोट दाखवलं. "बॉल काढताना. आजी, तुम्हाला लागलं त्याच्या आदल्या दिवशी. मला पहिल्यापासून माहीत होतं."

अनंतनं डब्याकडे नेलेला हात मागे घेतला. जानकी एक पाऊल मागे सरली.

उत्तरा गुणाजीकाकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, तुम्ही मला विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं. चुकले मी."

गुणाजीकाकांनी फडक्याला हात पुसले.

"पाइप कोणाच्याय हातून सुटात," ते म्हणाले. "पण चार दिस माका वाटला, माझेच हात म्हातारे झाले. गाडीच चालवूची नाय, असा ठरवलेला मी. आजीबाईंच्या कपाळाक बघून."

उत्तराला रडू आवरेना. ते तिच्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

वकीलकाका खाकरले. "गुणाजी, चूक हिची एकटीची नाही. तुमचं म्हणणं न ऐकता मी निकाल दिला. बारा वर्षं अशीच गाडी चालवलेल्या माणसाला बॉनेट उघडू दिलं नाही. मला माफ करा. उद्यापासून या. आणि ही गाडी तुम्ही सांगितल्याशिवाय कुठल्याही गॅरेजला जाणार नाही."

"येतंय सायेब."

आजींनी उत्तराची हनुवटी वर केली. एकाच उघड्या डोळ्यानं त्या तिच्याकडे बघत होत्या. "पाइप दाखवलास त्याची शाबासकी तुला मिळायची नाही. पण सगळे वाहवा करत असताना बोललीस, त्याची देते. हे मोठ्यांनाही जमत नाही." त्यांनी पेढा तिच्या मुठीत ठेवला. तिला तो खाववला नाही.

जानकी कधीच फाटकाबाहेर पडली होती. उत्तरा धावत तिच्यामागे गेली. गव्हाणपाड्याच्या वळणावर तिनं तिला गाठलं.

"जानकी, थांब ना गं!"

जानकी थांबली, पण वळली नाही. "पट्टी लावली त्या दिवशी मी तुला सांगितलं, बाबा जेवले नाहीत. तू नुसतं 'हो' म्हणालीस."

"हो."

"तेव्हा सांगायचंस ना! मी काय तुला खाल्लं असतं?"

रस्त्यावरून एक गोळेवाला घंटी वाजवत गेला. दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

"आज नको बोलूस माझ्याशी," जानकी म्हणाली. चार पावलं चालून ती पुन्हा थांबली. "उद्या ये."

"किती वाजता?"

"सकाळी. आणि आधी बाबांना भेट. मग मला."