छतावरचे नऊ ठिपके

उत्तर थायलंडमधल्या लाम्पांगच्या बाजारचौकात भर दुपारी गाडीने मान टाकली, तेव्हा चिमने स्टिअरिंगवर अशी बुक्की हाणली की हॉर्न वाजला आणि शेजारच्या टांग्याचं घोडं बिचकलं. बॉनेटमधून भसाभसा वाफ येत होती. मार्च नुकताच लागलेला, तरी अंगाची काहिली होत होती.

मोटारसायकल थांबवून एकजण उतरला. हातावर ग्रीसचे डाग, डोळ्यांत हसू.

"झाकण उघडू नका, भाजेल. ही तीस वर्षांची जर्मन गाडी तुम्हाला कोणी गळ्यात मारली, बाईसाहेब?"

"मी स्वतः घेतली. माझी मर्जी!"

"मर्जीचा पाण्याचा पंप गेलाय," तो म्हणाला. "मी खेम. नदीपलीकडे गॅरेज आहे माझं. ढकलायचं का... की अजून थोडं चिडायचंय?"

चिडायचंच होतं तिला. गाडीवर, उन्हावर, आणि या माणसावर तर फारच.

अशा गाड्यांचं हे असंच असतं. नव्या असताना साहेबलोक मिरवतात, जुन्या झाल्या की कोणीही घेऊ शकतो. पण हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून चारा काही स्वस्त होत नाही. पंप झाला, मग खिडक्या अडल्या. खिडक्या झाल्या, तर थंड हवेच्या जागी गरम वाफा यायला लागल्या. दर शनिवारी चिम गॅरेजात उभी, आणि दर शनिवारी भांडण.

"चार दिवस म्हणाला होतात, मिस्त्री! आज दहावा!"

"सुटा भाग बँकॉकहून येतोय. घाईत भलताच बसवू?"

"हसताय कशाला?"

"काल नूडल्स खाल्ले, त्या वाडग्यावरचा कोंबडा डोळे वटारून बघत होता. म्हटलं, हा नक्की तुमच्या हातचा."

चिम मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात वाडग्यांवर कोंबडे रंगवायची. तिने पाठ फिरवली, ओठांवर आलेलं हसू त्याला दिसू नये म्हणून... आणि मग स्वतःवरच चिडली.

"खरं सांगा ना," त्याने एकदा हळूच विचारलं, "हीच गाडी का?"

"माझी मर्जी."

खरं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. ही गाडी तिच्या बाबांची होती. आई आजारी पडली त्या वर्षी त्यांनी ती विकली, आणि आईही राहिली नाही. तेव्हापासून बाबा कुठल्याच गाडीत हौसेने बसले नाहीत. तीन वर्षं शोधून चिमला ती शेजारच्या लाम्फून गावातल्या एका दलालाकडे सापडली. रंग बदललेला, नंबर बदललेला. पण चालकाच्या डोक्यावर, छताच्या कापडावर, प्रवासात रक्षण व्हावं म्हणून मठातल्या थोरल्या भिक्खूंनी पांढऱ्या लेपाने काढलेले नऊ ठिपके तसेच होते. गाडी सुरू करण्याआधी बाबा त्यांना बोट लावायचे. ते महाराजही आता हयात नव्हते. सोंगक्रानच्या सकाळी, नव्या वर्षाच्या मुहूर्तावर, बाबांना त्या ठिपक्यांखाली बसवायचं, एवढंच तिला हवं होतं. तोवर गाडी ती कारखान्याच्या आवारात ठेवायची, त्यांच्या नजरेआड.

सणाच्या आदल्या दिवशी ती गाडी न्यायला आली. खेमने किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि ऐटीत दार उघडलं.

"छताचं कापड लोंबत होतं ना? नवं लावलंय. माझ्याकडून भेट."

वर स्वच्छ, कोरं, राखाडी कापड होतं. ठिपके नव्हते.

"जुनं कुठंय?" तिचा आवाज चिरकला.

"हात लावला आणि त्याचा भुगा झाला. का?"

"कोणाला विचारून हात लावलात? कोणाला विचारून!" तिने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या छातीवर फेकून मारला.

"अहो, जुन्या मालकाचे ठिपके कोणी ठेवतं का? लोक पुसून घेतात, आपल्या महाराजांकडून नवे काढून घेतात. मला वाटलं..."

"जुना मालक माझा बाप आहे!"

खेमचा चेहरा पडला. "एकदा... एकदा सांगितलं असतंत..."

"तुम्ही एकदा विचारायचं होतं!"

"तीनदा विचारलं, चिम. तिन्हीदा तुमची मर्जी."

ते खरं होतं, म्हणून तर तिच्या अंगाची लाही लाही झाली. खालच्या किल्ल्या उचलून ती रडत, शिव्या देत गाडी घेऊन गेली.

सकाळी दाराशी खेम हजर. धुतलेला सदरा, हातात मोगऱ्याची माळ.

"निघा इथून!"

"जातो. पण तुमच्या बाबांची माफी मीच मागणार."

तेवढ्यात बाबा काठी टेकत अंगणात आले आणि थबकले. बदललेल्या रंगावरूनही त्यांनी गाडी ओळखली. बॉनेटवरून तळवा फिरवून ते चालकाच्या जागी बसले. सवयीने हात वर गेला. बोटं कोऱ्या कापडावर चाचपडत राहिली. चिमला बघवेना.

खेम मातीत गुडघे टेकून बसला. "काका, ते ठिपके मी घालवले. चूक माझी आहे."

"माझी," चिम रागानेच म्हणाली. "मी सांगितलंच नव्हतं."

बाबा दोघांकडे बघून खदखदून हसले.

"महाराजांचे ठिपके दोन वर्षांतच उडाले होते गं. पुढे दर सोंगक्रानला मीच काढायचो. तुझी आई वाटी धरायची, आणि वाकडा आला की ओरडायची. आण ती वाटी."

सणाला गालांना लावायचा पांढरा लेप ओसरीवर कालवलेला होता. चिमने वाटी धरली. बाबांचं बोट वर गेलं. एक, दोन, तीन... नववा वाकडा आला.

"वाकडा आलाय, बाबा!" ती ओरडली आणि हुंदका फुटला. बाबांनी डोळे पुसले.

"उरलेला त्याला लाव," ते म्हणाले. "सणाच्या दिवशी कोरड्या गालाने कोणाला परत धाडू नये."

तिने खेमच्या गालावर लेप असा दाबला की त्याची मान कलली.

"मला तुमचा राग येतो."

"माहीत आहे."

"रोज येतो. गाडी बिघडत नाही, त्या दिवशी जास्त येतो."

खेमने हातातली माळ सावरली. "मग... उद्या न बिघडताच आणा."

"उद्या नाही." दुसऱ्या गालावर तिची बोटं आता हलकेच फिरली. "आत्ता. मागे बसा, पुढे बाबा बसलेत. आणि हसायचं नाही!"