प्रबोधचं घड्याळ

ऑर्चर्ड रोडवरच्या ऑब्रियाकच्या दुकानात निशिकांत दर वर्षी जायचा. स्वित्झर्लंडमधली जुनी, नावाजलेली पेढी. त्यांची नवी घड्याळं आली की हा कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दुकानातला मिस्टर को त्याला कॉफी द्यायचा, घड्याळं मखमलीवर काढून दाखवायचा आणि शेवटी खेदाने मान हलवायचा. हवं ते आधीच कुणीतरी नेलेलं असायचं.

२०१६ साली मोरपिशी डायलचं घड्याळ आलं. पातळ, हाताने चावी द्यायचं, आकड्यांच्या जागी चांदीच्या बारीक रेघा. फोटो पाहिल्यापासून निशिकांतचं कशात लक्ष लागेना. तो सोबतीला प्रबोधला घेऊन गेला. प्रबोध पुण्यातल्या कॉलेजपासूनचा मित्र, आता दोघे इथे परदेशात एकाच ऑफिसात. घड्याळाचं वेड त्याला नव्हतंच. वेळ तो फोनवर बघायचा.

मिस्टर कोने नेहमीसारखी मान हलवली.

आणि काही दिवसांनी तेच घड्याळ प्रबोधच्या मनगटावर दिसलं. त्याच्या बायकोने, प्रणिताने, वाढदिवसाला घेतलेलं. कुणीतरी ऑर्डर रद्द केली होती म्हणे.

"मला खरंच माहीत नव्हतं रे," प्रबोध अवघडून म्हणाला. "घे, घालून तरी बघ."

सेरंगूनमधल्या प्रबोधच्या आलिशान कॉन्डो फ्लॅटमध्ये रविवारची जेवणं झाली होती. खाली स्विमिंग पूलचं निळं पाणी चमकत होतं. छोटी गार्गी बाबाच्या पाठीवर लोंबकळत होती. निशिकांत आणि त्याच्या बायकोचा, मीनलचा, बिशानमधला भाड्याचा फ्लॅट संध्याकाळी फार शांत असायचा, मूल नव्हतं. निशिकांतने घड्याळ बांधलं. प्रबोधच्या अंगाची ऊब अजून त्यात होती. ह्याला सगळं न मागता मिळतं, त्याच्या मनात आलं. घड्याळ परत देताना त्याची बोटं क्षणभर सुटेनात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शेजारच्या टीममधली मिस टॅन त्याच्या हाताकडे बघून म्हणाली, "वाऽ, न्यू वॉच आह? सो नाइस लाह!"

निशिकांतने मनगट पाहिलं. मोकळं होतं.

थट्टा असेल, असं त्याने धरलं. पण मग खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्या अंकलने पैसे घेता घेता अंगठा वर केला. एमआरटीच्या मेट्रोत समोरचा माणूस त्याच्या मनगटाकडे टक लावून बसला. आणि घरी मीनल म्हणाली, "आंघोळीला जाताना घड्याळ तरी काढ. परवडलं कसं तुला, हे विचारत नाहीये मी. विचारणारही नाही."

"कसलं घड्याळ?"

"बरं, बरं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

त्याने मनगट चाचपून पाहिलं. कातडी, केस, शीर. बाकी काही नाही. त्याला घाबरायला हवं होतं. पण आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. लोक बघत होते. इतकी वर्षं त्याला हेच तर हवं होतं. बाहेर पडताना तो बाह्या दुमडू लागला.

प्रबोधच्या हातावर मात्र ते घड्याळ त्याला लख्ख दिसायचं. मोरपिशी, सुंदर. आणि गंमत म्हणजे, त्याबद्दल प्रबोधला कुणीच काही म्हणत नव्हतं.

एका दुपारी प्रबोध त्याच्या टेबलाशी आला. चेहरा ओढलेला.

"निश्या, पट्टा सैल होतो म्हणून काल दुकानात गेलो. हात पुढे केला, तर तो को म्हणतो, घड्याळ कुठाय सर? प्रणितापण तेच म्हणते. हरवलंस म्हणून रुसून बसलीये." त्याने मनगट निशिकांतसमोर धरलं. "तुला दिसतंय ना?"

सेकंदकाटा शांतपणे सरकत होता. निशिकांतने तो एक पूर्ण फेरी घेईपर्यंत पाहिला.

"नाही रे," तो म्हणाला. "काहीच नाहीये तिथे."

प्रबोधने मनगट मागे घेतलं. मग बाही खाली ओढून निघून गेला.

त्यानंतर प्रबोधला मीटिंगची बोलावणी येईनाशी झाली. लिफ्टची दारं त्याच्या तोंडावर मिटू लागली. तो बोलत असताना लोक मध्येच दुसऱ्याशी बोलायला लागत. निशिकांत हे सगळं पाहत होता.

पुढच्या रविवारी सकाळी तो सामान आणायला बिशानच्या मॉलमध्ये गेला होता. सरकत्या जिन्याजवळ एक मऊ हात त्याच्या हातात शिरला.

"बाबा, कॅन गो होम ऑर नॉट? आय सो हंग्री."

गार्गी होती. तिच्यामागून प्रणिता पिशव्या घेऊन आली. "कुठे गायब झालास? चल, गाडी खाली आहे."

"प्रणिता, अगं, मी निशिकांत—"

"पुरे आता नाटकं," ती हसून म्हणाली.

दोन पावलांवर प्रबोध उभा होता. दाढी वाढलेली. "गार्गी," त्याने हाक मारली. मुलीने मान वळवलीसुद्धा नाही. माणसं त्याला वळसाही न घालता चालत होती.

"निश्या," तो म्हणाला, "तू तरी सांग त्यांना."

"तो बघा!" निशिकांत ओरडला. "प्रबोध आहे तिथे! समोर!"

प्रणिताने तिकडे पाहिलं. मग निशिकांतकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं. "बरं वाटत नाहीये का तुला?"

त्याने पुन्हा वळून पाहिलं तेव्हा जिन्याजवळ कुणी नव्हतं. निदान त्याला तरी दिसलं नाही.

त्याने मीनलला फोन लावला.

"मीनल, ऐक, मी बोलतोय—"

"बोला ना, प्रबोध भावोजी," ती म्हणाली. आवाजात काळजी होती. "निशिकांत आहे का हो तुमच्याबरोबर? सकाळी सामान आणायला गेलाय, अजून पत्ता नाही. भेटला तर सांगा त्याला, मी जेवायची थांबलेय."